साखरपुड्याची पेटी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, २५ मार्च २०२५

प्रिय बद्रीनाथ,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, आता खोडत बसत नाही. सगळं वाचून झालं की तुम्हीच खोडा. फोन का केला नाही असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन तुमच्याआधी तुमची आई उचलते, आणि मेसेज केला तर दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढं चार दिवस तुमची शांतता. म्हणून कागद घेतला. जमेल तेवढं लिहिणार आहे, आणि रागानं लिहिणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. गेले पंधरा दिवस मी पार्लरमध्ये बायकांच्या भुवया कोरताना दोरा तोडतेय, एवढा राग आहे.

दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी तुमच्या आईंचा फोन आला. भागूबाईंचा फोन म्हणजे आमच्या घरात पळापळ, माझ्या आईनं तर पदर डोक्यावर घेऊन फोन घेतला, जणू त्या समोर बसल्यात. फुलंब्रीहून आवाज आला तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला. “वैशाखात धरून टाकली बगा तारीख. तीन वर्षं भरली आता. अन् ती पेटी हाये ना जपून? तिच्यातलंच लावायचं म्हणावं लग्नाला, नवं काय घिऊ नका. पॅकच हाये ती, काय हुतंय तिला!” माझ्या आईचे डोळे भरून आले. साडेतीन वर्षं होत आली, एक तारीख ऐकायला आम्ही कान लावून बसलो होतो, ती आली. वडिलांनी पेढे आणायला चप्पल घातली. आणि मी कणीक मळता मळता थांबले, कारण माझ्या डोक्यात लग्नाची तारीख शिरलीच नाही. माझ्या डोक्यात शिरली पेटीवरची तारीख, जी मी कधी पाहिलीच नव्हती.

तुम्हाला माझं काम नीट कधी सांगता आलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. ‘पार्लर आहे’ एवढं तुम्ही मित्रांना सांगता, तेही जरा हळू आवाजात. अकरा वर्षं मी हे करतेय. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी मी ब्रश हातात देत नाही, नाक वापरायला शिकवते. लिपस्टिकला खवट तेलाचा वास आला की ती गेली. तिच्यावर घामासारखे थेंब आले की ती गेली. फाउंडेशनच्या बाटलीत वर तेल आणि खाली गाळ दिसला, हलवूनही एक झालं नाही, की ते गेलं. पावडरीवर कडक चकचकीत साय धरली की ती गेली. मस्कारा उघडल्यापासून तीन महिने, मग बायको कलेक्टरची असली तरी मी तो तिच्या पापण्यांना लावत नाही. प्रत्येक डबीच्या बुडाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून मी उघडल्याची तारीख लिहिते. एकदा एका नवरीच्या मावशीनं स्वतःची पिशवी आणली होती, ‘भारीतलं आहे, दुबईचं आहे’ म्हणत. मी तिच्यादेखत ती सगळी पिशवी कचऱ्यात रिकामी केली. ती महिनाभर माझ्या नावानं बोटं मोडत होती, पण तिच्या भाचीचे डोळे लग्नात सुजले नाहीत. फेकायला जीव लागतो, बद्रीनाथ. बायकांना वाटतं, अजून अर्धी आहे, अजून रंग दिसतो, कुठं वाया घालवायची. मी त्यांना सांगते, जे गेलंय ते गेलंय, तुम्ही फक्त ते तोंडाला लावून घेताय.

आणि असं सगळ्या जगाला सांगणारी मी, माझ्याच घरात फळीवर ठेवलेल्या पेटीचं बूड कधी उलटून पाहिलं नाही.

तो साखरपुडा आठवतोय ना? तुळशीची लग्नं होऊन चार दिवस झाले होते. आमच्या गल्लीत मांडव, तुमच्याकडची साठ माणसं, आणि तुमचे काकासाहेब मध्यस्थ म्हणून मधोमध बसलेले. तुमच्या आईंनी माझ्या ओटीत साडी ठेवली, नारळ ठेवला, आणि वर ती लाल चकचकीत कागदात बांधलेली मेकअपची पेटी ठेवली, एवढी मोठी की मला दोन्ही हातांनी धरावी लागली. बायकांमध्ये ‘अगंबाई’ झालं. आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आमच्या घरात ही लग्नाच्या दिवशीच उघडत्यात. तवर कागदाला हात लावायचा नाय.” मला ते लई गोड वाटलं होतं. वाटलं, किती जपणारं घर आहे. तुम्ही शेजारी बसून फोटोवाल्याकडं बघत हसत होतात. तो फोटो अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे, म्हणजे परवापर्यंत होता.

त्या पेटीचे आमच्या घरात जे लाड झाले ते तुम्हाला सांगितले तर हसाल. वडिलांनी, म्हणजे सांडू ड्रायव्हरनं, एसटीतली आयुष्यभराची नोकरी संपल्यावर जे पहिलं सुतारकाम केलं ते त्या पेटीसाठी फळी ठोकण्याचं. आई दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसायची आणि हळदीकुंकवाची बोटं लावायची. शेजारणी आल्या की मान वर करून दाखवायची, “जावयाकडची.” तुमचे आजोबा, पुंजारामबाबा, साखरपुड्यानंतर तीन महिन्यांनी गेले. मला खरंच वाईट वाटलं होतं, त्यांनी पन्नास वेळा ‘लेक माझी’ म्हणत माझा हात हातात घेतला होता. मग तुमच्याकडून निरोप आला की घरात मयत झालं, आता लग्न एकतर वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी. वडील म्हणाले, मग वर्षाच्या आत उरकू. तुमचे वडील, आप्पासाहेब, म्हणाले, वरच्या मजल्याचं काम निघालंय, धाकट्याची परीक्षा आहे, गडबड नको, तीन वर्षांनीच करू. माझ्या वडिलांनी मान हलवली. मुलीकडच्यांची मान फक्त एकाच दिशेनं हलते. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, आता बत्तिशी ओलांडलीय. या काळात मी दोनशेच्या वर नवऱ्या सजवल्या. प्रत्येक नवरीची आई मला विचारायची, “तुमचं कधी?” आणि मी ब्रश तोंडात धरून हसायचे, म्हणजे बोलावं लागायचं नाही.

तर फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पार्लर बंद असतं तेव्हा, मी स्टुलावर चढून पेटी खाली काढली. आई ओरडली, “अगं लग्नात उघडायची!” मी म्हटलं, लग्नात तोंडाला काय लावणार ते आधी मला बघू दे, माझा धंदाच आहे तो. लाल कागद फाडला. आत पेटीच्या झाकणावर जुन्या चिकटपट्टीचे पिवळे डाग होते, आणि त्यांना दुसऱ्याच कुठल्यातरी निळ्या कागदाचे कपटे चिकटलेले. म्हणजे हा कागद पहिला नव्हता. पेटी उलटी केली. बुडाला छापलं होतं: बनवल्याची तारीख मार्च २०१८, छत्तीस महिन्यांच्या आत वापरावे. आपला साखरपुडा २०२१ च्या नोव्हेंबरात झाला. माझ्या ओटीत ठेवली तेव्हा ती पेटी आठ महिन्यांपूर्वीच मेलेली होती. तरी मी तुमचीच बाजू घेतली, बरं का. म्हटलं, दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला असेल, भागूबाईंना काय कळतंय. मग खटका दाबून झाकण उघडलं. फाउंडेशन माझ्यापेक्षा दोन रंग उजळ. म्हटलं, असेल, सगळ्यांनाच सून गोरी दिसायला हवी असते. खवट वासाचा एक भपकारा आला. एका लिपस्टिकचं टोक एका बाजूनं झिजलेलं होतं. आणि झाकणाच्या आतल्या आरशावर, वरच्या कोपऱ्यात, एक छोटी मरून टिकली चिकटवलेली होती.

तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला ते कळायचं नाही. कपाळावरची टिकली काढून आरशाला लावायची सवय कुठल्याही बाईला विचारा. दुकानात कुणी आरशाला टिकली लावून विकत नाही. त्या आरशासमोर एक बाई बसली होती. तिनं ती लिपस्टिक ओठांवर फिरवली होती, कपाळावरची टिकली काढली होती आणि झाकण मिटलं होतं. आईनं दोनदा चहा गरम केला.

गुरुवारी काकासाहेबांना गाठलं. ते आधी पान चघळत राहिले, मग म्हणाले, “व्हय, एक ठिकाणी झालं व्हतं आधी. गंगापूरकडची पोरगी. पण त्येचं आता काय काढायचं बाई, मोडलंय ते.” मग मला आठवलं. तुम्हीच सांगितलं होतंत मला, साखरपुड्यानंतरच्या उन्हाळ्यात, उसाचा रस पिताना. म्हणाला होतात, आधी एक स्थळ आलं होतं, बोलणी बरीच पुढं गेली होती, पण मुलीला कोड निघालं, म्हणून आम्ही सोडलं. मी तेव्हा हळहळले होते. आणि माझी लाज मी इथं लिहून टाकते, कारण लिहिली नाही तर तुम्हाला शिव्या द्यायचा मला अधिकार नाही: मी ती गोष्ट पार्लरमध्ये दोन बायकांना सांगितलीही होती. नवऱ्याच्या घरच्यांनी कसं थोडक्यात वाचवलं स्वतःला, असं.

नाव-पत्ताही काकासाहेबांकडूनच काढला. तिचं नाव मथुरा. आता छावणीत एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. रविवारी दुपारी गाडी काढून गेले. मोबाइलमधला फोटो पुढं केला, आरशाचा. तिनं तो मोठा करून पाहिला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या कपाळावर तीच होती, छोटी, मरून. म्हणाली, “मी पहिल्यापासून हीच लावते.” मग हसायलाच लागली, आणि हसता हसता खुर्चीवर बसली. तिला पेटी मिळाली २०१८ मध्ये, अक्षय्य तृतीयेला. लग्न दिवाळीनंतर, मग पुढच्या वर्षी, मग आईंचं पित्ताचं ऑपरेशन, मग लॉकडाउन. अडीच वर्षांनी तिच्या भावाला कुणीतरी सांगितलं की मुलाकडचे अजून इकडं तिकडं मुली बघतायत. हिला धरून ठेवायचं आणि तोवर आणखी वरचं काही सापडतंय का बघायचं. तिनं त्या दिवशी पेटी उघडली, एकदा लिपस्टिक लावून स्वतःकडं पाहिलं, पुसली, टिकली काढून आरशाला लावली, आणि सगळ्या वस्तूंबरोबर पेटीही रीतसर परत पाठवली. तिनं मोडलं, बद्रीनाथ. तुम्ही नाही सोडलं, तिनं सोडलं. आणि महिन्याभरात गंगापूरपर्यंत कोडाची बातमी पोचली. तिची तीन स्थळं त्या एका शब्दावर दारातून परत गेली. तिनं माझ्यासमोर दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या. मी बायकांची कातडी बघून पोट भरते. तिच्या अंगावर एवढासा डाग नव्हता.

इथून पुढं मला तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणणं जमणार नाही. साडेतीन वर्षं अहोजाहो केलं, पुष्कळ झालं.

तुला माहीत होतं. आईच्या सांगण्यावर सगळं झालं असं म्हणू नकोस, तू पस्तीस वर्षांचा आहेस, वाळूजला शंभर माणसांवर सुपरवायझर आहेस, तिथं तुला विचारल्याशिवाय मशीन चालू होत नाही. ती पेटी तू ओळखली असणार. मथुराच्या ओटीत ठेवली तेव्हा तू तिच्या शेजारी बसला होतास, माझ्या ओटीत ठेवली तेव्हा माझ्या. दोन्ही वेळा फोटोवाल्याकडं बघून हसलास. आधी मथुरा, मग द्वारका, तीर्थयात्राच काढलीत की तुम्ही मायलेकांनी! मला सांग, कागद बदलताना घरात काय बोलणं झालं? लाल बरा की हिरवा? उघडून बघावं असं एकाही माणसाला वाटलं नाही? आणि ते ‘लग्नाच्या दिवशीच उघडायची’, ज्याच्यावर मी भाळले होते, ते तुमच्या घरची रीत नव्हती रे. न उघडलेली वस्तू परत घेता येते, पुन्हा देता येते, एवढंच त्याचं गुपित होतं. माझंही तसंच ठेवलं होतंत, कागद न फाडता, फळीवर. वैशाखाची तारीख आत्ता का निघाली तेही काकासाहेबांकडून कळलं. तुम्ही गुपचूप बघून आलेल्या जालन्याच्या त्या इंजिनियर मुलीकडच्यांनी संक्रांतीला नाही म्हटलं, म्हणून.

मला स्वतःचाही राग येतोय, तो तुझ्यापेक्षा कमी नाही. वास मला पहिल्याच वर्षी आला होता. तू माझ्या वाढदिवसाला फोन विसरलास तेव्हा, आप्पासाहेबांनी माझ्या वडिलांना उन्हात अर्धा तास अंगणात उभं ठेवलं तेव्हा, तुमच्या भावकीतल्या सावत्याच्या लग्नात तुझ्या चुलतभावानं मला बघून ‘ही कोण?’ विचारलं आणि तू ‘ओळखीची’ म्हणालास तेव्हा. दुसऱ्या कुठल्या बाईनं हे मला सांगितलं असतं तर मी तिला खुर्चीत बसवून सुनावलं असतं. पण स्वतःच्या वेळी मीही तेच म्हटलं, अजून अर्धी आहे, कुठं वाया घालवायची.

घरी सांगितलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. तिचं म्हणणं, आता बत्तिसाव्या वर्षी कोण विचारेल, आणि ते लोक तुझ्याही नावानं काहीतरी उठवतील. उठवतील, मला माहीत आहे. कोड झालं, आता काय काढतील? तिसऱ्या दिवशी सकाळी उठून वडिलांनी ती फळी काढली आणि खिळ्यांची भोकं चुन्यानं बुजवली. मग मला म्हणाले, “चहा टाक.”

आता हे पत्र का, ते सांगते. तुझ्याकडच्या सगळ्या वस्तू काकासाहेबांच्या हाती परत पाठवतेय. साखरपुड्याची साडी, अंगठी, पैंजण, दिवाळीचे दोन ड्रेस. तुझ्या अंगणात पाच माणसांसमोर काकासाहेब एकेक वस्तू काढून दाखवतील, तशी पद्धतच आहे, आणि हे पत्र साडीच्या घडीत सापडेल. सगळं काढून झालं की तुझी आई विचारील, पेटी कुठंय? आणि म्हणेल, बघा, पोरीनं पेटी ठेवून घेतली. म्हणू दे. काल सकाळी घंटागाडी यायच्या आधी मी ती दारात घेऊन बसले. लिपस्टिकी एकेक करून मोडल्या, पावडरी बत्त्यानं फोडल्या, फाउंडेशन मोरीत ओतलं, आरसा टिकलीसकट फोडून जुन्या फडक्यात बांधला, आणि झाकणाचे बिजागर वडिलांनी पक्कडीनं उपटले. गाडीवरची बाई हळहळली, “ताई, नवीच दिसती की, मला दिली असती, पोरीला झाली असती.” मी तिला म्हटलं, मावशी, म्हणूनच मोडली. मथुरानं ती प्रामाणिकपणे परत पाठवली, म्हणून ती माझ्या ओटीत आली. मी परत पाठवली तर तुझी आई नवा कागद आणील. तिसरीच्या ओटीत काय ठेवायचं ते आता तुला दुकानात जाऊन विकत आणावं लागेल, आणि आणशील तेव्हा तिच्यावरची तारीख वाच.

तुझी आता कुणीही नसलेली,
द्वारका